जुन्या स्पोर्ट्स कारमध्ये मोठं इंजिन टाकायचं म्हणजे काय काय बदलावं लागतंय

भाचा इंग्लंडात नोकरीला आहे. त्यानं तिकडं एक जुनी एमजीबी घेतलीय, म्हणजे एमजी कंपनीची छोटी स्पोर्ट्स कार, काळ्या रबरी बंपरची, आणि घेतल्यापासून फोनवर एकच विषय, "मामा, हिच्यात व्ही८ बसवूया काय?" व्ही८ म्हणजे चार-चारच्या दोन ओळी इंग्रजी व्ही अक्षरासारख्या तिरप्या मांडलेलं आठ सिलिंडरचं इंजिन. आता आपल्या बेळगाव, खानापूर, निपाणी भागात एमजीबी कुणाकडं असणार, खरं हाच प्रश्न इथं पण कायम कुणीतरी विचारतंय, फक्त गाडीचं नाव वेगळं. कुणाकडं आजोबांची स्टँडर्ड हेराल्ड, कुणाकडं पद्मिनी, कुणाची काँटेसा शेडमध्ये ताडपत्री घालून ठेवलेली, आणि सगळ्यांच्या मनात हेच की गाडी एवढी देखणी आहे तर इंजिन जरा तगडं टाकूया. मी उद्यमबागेत लेथ आणि बोरिंग मशीनवर आयुष्य काढलंय, त्यामुळं असली कामं कुठं अडतात ते रोज बघतोय. भाच्याला जे फोनवर तुकड्या तुकड्यानं सांगितलं तेच इथं सलग लिहितोय, ज्यानं कधी बोनेट उघडलं नाही त्यालाही कळावं असं.

आधी सीसीचं बघू. सीसी म्हणजे सगळ्या सिलिंडरमध्ये पिस्टन वरून खाली येताना मिळून जेवढी जागा मोकळी होते ती. जेवढी जागा तेवढी हवा आत येणार, जेवढी हवा तेवढंच पेट्रोल नीट जळणार, आणि जेवढं जळणार तेवढा जोर पिस्टनवर बसणार. एमजीबीचं मूळ इंजिन १७९८ सीसीचं, चार सिलिंडर, बोअर म्हणजे सिलिंडरची आतली रुंदी ८०.२६ मिमी आणि स्ट्रोक म्हणजे पिस्टनची वर-खाली धाव ८८.९ मिमी. हे बीएमसी ह्या इंग्लिश मोटार कंपनीचं बी-सिरीज इंजिन, आपल्या ॲम्बेसेडरमध्ये वर्षानुवर्षं जे १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन यायचं ते ह्याच घराण्यातलं, त्यामुळं ॲम्बेसेडर खोललेल्या जुन्या मेस्त्रीला एमजीबीचं बोनेट उघडून दिलं तर तो बावचळणार नाही. आणि तिच्यात लोक जे व्ही८ टाकतात ते रोव्हर ह्या दुसऱ्या इंग्लिश कंपनीचं, ३५२८ सीसी, बोअर ८८.९ आणि स्ट्रोक ७१.१ मिमी.

आता जरा भागाकार करून बघा. १७९८ भागिले ४ म्हणजे साधारण ४५० सीसी एका सिलिंडरला, आणि ३५२८ भागिले ८ म्हणजे ४४१. व्ही८चा एकेक सिलिंडर उलट किंचित लहानच आहे! फक्त चारच्या जागी आठ आहेत, आणि स्ट्रोक आखूड असल्यामुळं एका फेऱ्यात पिस्टनला पळावं पण कमी लागतंय. मला ही गोष्ट पहिल्यांदा कळली तेव्हा फार भारी वाटली होती, कारण मोठं इंजिन म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर बादलीएवढे पिस्टन येतात.

हॉर्सपॉवरचे आकडे सगळे सांगतात. सुरुवातीच्या एमजीबीला साधारण ९५ हॉर्सपॉवर होती, आणि कंपनीनं स्वतः व्ही८ टाकून जी एमजीबी जीटी व्ही८ काढली तिला १३७. खरं रस्त्यावर जो फरक जाणवतो तो टॉर्कचा, म्हणजे चाक फिरवायच्या जोराचा. तो साधारण १४९ न्यूटन-मीटरवरून २६२ वर गेला, आणि तोही इंजिन फक्त २९०० आरपीएमवर फिरत असताना. म्हणजे समजा वंटमुरीचा चढ आहे, पुढं उसाचा ट्रॅक्टर आडवा आलाय, तुम्ही स्लो झाला, आता परत वेग घ्यायला लहान इंजिनला दोन गिअर खाली आणून इंजिन ओरडवावं लागतंय, मोठ्या इंजिनला त्याच गिअरमध्ये नुसता पाय दाबला तरी गाडी उचलते. लोकांना हवं असतंय ते हे. टॉप स्पीड गाठायला रस्ता आहे कुठं.

मग जेवढं मोठं तेवढं चांगलं, असं वाटणारच. कंपनीलाही एकदा तसंच वाटलं होतं. १९६७ मध्ये त्यांनी एमजीसी काढली, एमजीबीच्याच बॉडीत २९१२ सीसीचं सहा सिलिंडरचं इंजिन, सगळं बिडाचं, एका ओळीत सहा सिलिंडर म्हणून लांबलचक. पॉवर १४५ च्या आसपास, म्हणजे नंतर आलेल्या व्ही८पेक्षा थोडी जास्तच. खरं हे इंजिन मूळच्यापेक्षा जवळपास ९५ किलोनं जड होतं आणि ते सगळं वजन पुढच्या चाकांच्या अंगावर. पुढचं सस्पेंशन कॉइल स्प्रिंग काढून टॉर्शन बारचं, म्हणजे पिळून स्प्रिंगचं काम करणाऱ्या दांड्याचं, करावं लागलं, बोनेटला फुगवटा काढावा लागला, आणि एवढं करून चालवणारे म्हणाले की गाडी वळणात नाक वळवायला तयार नाही. १९६९ मध्ये बंद, सगळ्या मिळून नऊ हजारच्या आसपास गाड्या निघाल्या.

त्यानंतर केन कॉस्टेलो नावाच्या माणसानं स्वतःच्या हिमतीवर एमजीबीत रोव्हरचं व्ही८ बसवून गाड्या विकायला सुरुवात केली. त्याच्या गाड्या बघून कंपनी जागी झाली आणि १९७३ मध्ये त्यांनी स्वतःची व्ही८ काढली, १९७६ पर्यंत चालली, एकूण २५९१ गाड्या. गंमत अशी की ह्या व्ही८चा ब्लॉक आणि हेड दोन्ही ॲल्युमिनियमचे, त्यामुळं आठ सिलिंडर असूनही वजन त्या बिडाच्या चार सिलिंडरवाल्याएवढंच, किंबहुना थोडं कमीच. कागदावर एमजीसीपेक्षा पॉवर कमी, तरी गाडी सरळ वळते, थांबते, हातात राहते. भाच्याला मी हेच पहिल्यांदा सांगितलं, सीसी किती हे नंतर विचार, आधी इंजिन किती किलोचं आणि ते कुठं बसणार हे विचार. बैलगाडीत ऊस भरणारा माणूस हे न शिकता जाणतो, माल पुढं जास्त झाला तर जू बैलाच्या मानेवर बसतंय, मागं जास्त झाला तर गाडी उलाळ होते, टन तेवढाच असला तरी तो चाकाच्या कण्यापासून किती लांब भरलाय त्यावर सगळं आहे.

हे ॲल्युमिनियमचं इंजिन मुळात रोव्हरचं नव्हेच. ब्यूकनं अमेरिकेत १९६१ मध्ये काढलेलं, दोन-तीन वर्षांत सोडून दिलं, आणि १९६५ मध्ये रोव्हरनं त्याचे हक्क घेतले. मग ते पुढं रेंज रोव्हरमध्ये, मॉर्गनमध्ये, कुठं कुठं गेलं. एका कंपनीनं टाकून दिलेलं इंजिन दुसऱ्या देशात चाळीसेक वर्षं चाललं.

हलकं इंजिन ॲल्युमिनियमचंच पाहिजे असंही नाही. १९६२ मध्ये कॅरोल शेल्बीनं एसी कंपनीच्या छोट्या इंग्लिश गाडीत फोर्डचं व्ही८ टाकून कोब्रा बनवली, ती तर जगप्रसिद्ध झाली, आणि ते फोर्डचं इंजिन बिडाचंच होतं. खरं त्याचं कास्टिंग पातळ भिंतीचं. आपल्या उद्यमबागेत, मच्छ्याकडं फाउंड्रीत काम केलेल्यांना ह्याची किंमत लगेच कळेल. साच्यात कोअर, म्हणजे आतली पोकळी राखणारा वाळूचा गाभा, जरासा हलला तर एका बाजूची भिंत जाड आणि दुसऱ्या बाजूची पातळ होते, म्हणून पूर्वी सगळे सेफ्टीसाठी भिंत जाडच धरायचे आणि ब्लॉक मणभर जड व्हायचा. फोर्डवाल्यांनी कोअर इतके पक्के बसवले की भिंत पातळ धरता आली आणि वजन उतरलं. म्हणजे त्या एवढ्या गाजलेल्या गाडीचं अर्धं श्रेय मोल्डिंगवाल्यांना द्यायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं, आणि ते कुणी देत नाही.

वजन जमलं की मग जागा. टेप लावून लांबी-रुंदी मापली की झालं असं नसतंय. इंजिनचं चेंबर म्हणजे खालचा तेलाचा सम्प, तो पुढच्या क्रॉस मेंबरवर, म्हणजे चासिसच्या आडव्या पट्टीवर, आपटतोय काय, एक्झॉस्टचे पाइप स्टिअरिंगच्या रॉडला चिकटतात काय, बोनेट बंद होतंय काय, हे सगळं एकेक करून बघावं लागतंय. कॉस्टेलोच्या गाड्यांना बोनेटवर फुगवटा होता, कंपनीनं मात्र कार्बोरेटर मागं, बल्कहेडकडं, म्हणजे इंजिन आणि बसायच्या जागेमधल्या पत्र्याच्या भिंतीकडं, सरकवले आणि साधं बोनेटच बसवलं. भाच्याची गाडी रबरी बंपरची आहे हे त्याचं नशीब, कारण त्या काळापासून कंपनीनं सगळ्याच एमजीबींना व्ही८वाला इंजिन-बे, म्हणजे बोनेटखालची इंजिनची जागा, दिला होता, आतल्या पत्र्याला फार हात लावावा लागत नाही.

जागेची सगळ्यात बोलकी गोष्ट सनबीम टायगरची आहे. सनबीम अल्पाइन ही छोटी चार सिलिंडरची गाडी, तिच्यात १९६४ मध्ये फोर्डचं ४.२ लिटरचं व्ही८ टाकून टायगर बनवली. इंजिन मावलं, खरं कसं, तर मूळचा स्टिअरिंग बॉक्स मध्ये येत होता म्हणून तो काढून कमी जागा खाणारं रॅक-पिनियन (दातेरी दांड्याचं) स्टिअरिंग बसवलं, आणि कारखान्यात रंग लावून आलेल्या बॉडीचा बल्कहेड घणानं ठोकून आत दाबावा लागायचा. एवढं करून डाव्या बाजूच्या शेवटच्या स्पार्क प्लगला पाना पोचेना. मग बल्कहेडला भोक पाडून रबरी बूच लावलं, तो एक प्लग बदलायचा असला की गाडीत बसायच्या जागेतून हात घालायचा! पुढं क्रायस्लर ह्या अमेरिकन कंपनीनं सनबीम बनवणारी कंपनी घेतली. आपल्या गाडीत फोर्डचं इंजिन कसं चालेल म्हणून त्यांनी स्वतःचं व्ही८ बसतंय काय बघितलं, तर त्याचा डिस्ट्रिब्युटर, म्हणजे प्लगना पाळीपाळीनं करंट वाटणारा भाग, मागच्या बाजूला होता, फोर्डचा पुढं. त्या मागच्या डिस्ट्रिब्युटरला जागा नाही. १९६७ मध्ये टायगर बंद झाली. डिस्ट्रिब्युटर म्हणजे केवढा, दोन मुठींएवढा, आणि त्यानं एक मॉडेल संपवलं. तेव्हा कुणी तुम्हाला "बसतंय की, काय नाही त्यात" म्हणालं तर डिस्ट्रिब्युटर, फिल्टर, स्टार्टर हे कुठल्या बाजूला येतात ते आधी विचारा.

आता माझ्या कामाचा भाग, गिअरबॉक्सची जोडणी. इंजिन एका कंपनीचं आणि गिअरबॉक्स दुसऱ्याचा असला तर दोन्हीच्या बोल्टची भोकं जुळत नाहीत, म्हणून मध्ये अडॅप्टर प्लेट घालतात, जाड प्लेट, एका तोंडाला इंजिनची भोकं आणि दुसऱ्याला बेलहाऊजिंगची, म्हणजे क्लचवरच्या घंटेसारख्या आवरणाची. दिसायला सोपी आहे, कुणीही कार्डबोर्डवर छाप घेऊन ड्रिल मारून देईल. खरं बोल्ट नुसते आवळून धरायला असतात, सेंटर धरायला नसतात. क्रँकशाफ्टचा सेंटर आणि गिअरबॉक्सच्या क्लच शाफ्टचा सेंटर एका रेषेत पाहिजेत, ते डॉवेल पिननं, म्हणजे भोकात घट्ट बसणाऱ्या खुंटीनं, धरतात. तपासायची रीत अशी, क्रँकच्या टोकाच्या जड चाकावर, म्हणजे फ्लायव्हीलवर, डायल गेज लावायचा, त्याची सुई बेलहाऊजिंगच्या मधल्या बोअरला टेकवायची आणि क्रँक हातानं पूर्ण एक फेरा फिरवायचा. सुई सगळी मिळून पाच थाऊच्या (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) आत हलली पाहिजे, म्हणजे ०.१३ मिलिमीटरच्या आसपास. ह्याच्या पलीकडं गेली तर ऑफसेट, म्हणजे सेंटर सरकवलेला, डॉवेल घालून सरळ करायचं. हे न करता बसवलेली गाडी पहिल्या दिवशी मस्त चालते. मग काही महिन्यांत क्लच दाबल्यावर आवाज यायला लागतो, गिअर आपोआप निसटतो, क्रँकच्या टोकातला पायलट बुश खाल्लेला असतो, आणि मालक म्हणतो गिअरबॉक्सच बेकार मिळाला. म्हणून जमत असेल तर इंजिन आणि त्याचाच गिअरबॉक्स अशी जोडी उचलावी. हिंदुस्तान मोटर्सनं काँटेसामध्ये आणि पुढं ॲम्बेसेडरमध्ये इसुझूचं १८१७ सीसीचं इंजिन आणलं तेव्हा त्याबरोबर पाच गिअरचा बॉक्स आणला, आणि त्या गाड्या किती वेगळ्या चालायच्या हे चालवलेल्यांना विचारा.

गिअरबॉक्सच्या मागं शाफ्ट, त्याचे क्रॉस, आणि डिफरेन्शियल, म्हणजे मागच्या कण्यातला चाकांना फिरवणारा गिअरचा डबा. मोठ्या इंजिनला जुनंच डिफरेन्शियल ठेवलं तर दोन गोष्टी होतात, एक तर ते तेवढा टॉर्क झेलेल का हा प्रश्न, आणि दुसरं म्हणजे इंजिन उगीच जास्त फेरे मारत राहतं. एमजीबीचा रेशो ३.९ होता, म्हणजे शाफ्टच्या ३.९ फेऱ्यांना चाकाचा एक फेरा, व्ही८ला कंपनीनं ३.०७ केला. म्हणजे टॉप गिअरमध्ये ज्या वेगाला पूर्वी इंजिन ३००० फेरे मारत होतं तिथं आता साधारण २३५० मारणार. इथून कोल्हापूर हायवेनं जाताना गाडीत बोलणं ऐकू येतं की नाही ते ह्या एका आकड्यावर ठरतंय.

उष्णता. जळलेल्या पेट्रोलमधली ढोबळ एक तृतीयांश उष्णता कूलंटच्या पाण्यात जाते, तेव्हा इंजिन मोठं झालं की रेडिएटर मोठा हवाच, पंखाही. कंपनीच्या व्ही८ला दोन इलेक्ट्रिक पंखे होते, आणि ते इंग्लंडच्या हवेत. आपलं बेळगाव थंड म्हणून ठीक, खरं एप्रिल-मेमध्ये गोकाक, चिकोडीकडं दुपारी निघालात तर कळेल. बेळगाव साडेसातशे मीटर उंचीवर असल्यामुळं इथं हवाच विरळ आहे, समुद्रसपाटीच्या मानानं साध्या कार्बोरेटरच्या इंजिनची सात-आठ टक्के पॉवर अशीच जाते आणि गोव्यात उतरलं की परत येते, म्हणून जेटिंग, म्हणजे कार्बोरेटरमधलं पेट्रोलचं माप बसवणं, करताना गाडी जास्त कुठं चालणार हे मेस्त्रीला सांगावं. आणि जुन्या गाडीचे पेट्रोलचे रबरी पाइप, डायफ्राम हे सगळे बदलून इथेनॉल सोसणारे घाला, आता पंपावर मिळतं ते वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं, ते जुन्या रबराला फुगवतं आणि खातं. इंजिनच्या एवढ्या जवळ पेट्रोल गळणं म्हणजे आगीला आमंत्रण.

ब्रेकचं मी मुद्दाम शेवटी लिहितोय कारण काम करताना ते पहिल्यांदा करायचं. वेग दुप्पट झाला की थांबवायची ऊर्जा चौपट होते. ताशी १०० वरून १४० ला गेलात तर गाडीत जवळपास दुप्पट ऊर्जा असते, आणि ती सगळी ब्रेकच्या डिस्कमध्ये उष्णता होऊन जायची असते. चोर्ला घाट उतरताना साध्या इंजिनच्या गाडीचे ब्रेक सुद्धा वास मारतात. कंपनीनं व्ही८ला पुढच्या डिस्क जाड केल्या आणि पायाचा जोर वाढवणारा सर्वो दिला, त्यांनी हौस म्हणून केलेलं नाही. पुढचे बुश, मागचे पाटे, टायर, स्टिअरिंगचे जॉइंट, हे नवीन करून, जुन्याच इंजिनवर गाडी महिनाभर चालवून बघायची आणि मग इंजिन उतरवायला चेनब्लॉक लावायचा. माझ्याकडं पोरं येतात ती इंजिन आधी आणतात, पैसे तिथंच संपतात आणि ब्रेक "पुढच्या महिन्यात" होतात. ह्याचा मला खरोखर राग येतो, कारण रस्त्यावर फक्त त्यांचाच जीव नसतो.

आता कागद. भाच्याला तिकडं सोपं आहे, इंजिन बदललं की डीव्हीएलएला, म्हणजे तिकडच्या आरटीओला, कळवायचं, लॉगबुकात नोंद करायची, इन्शुरन्सवाल्याला सांगायचं. आपल्याकडं मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ आहे, कंपनीनं जी माहिती दिली आणि जी आरसीवर आहे तिच्यापेक्षा गाडी वेगळी होईल असा बदल मालकानं करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानंही केरळच्या एका केसमध्ये हेच सांगितलं. मान्यताप्राप्त सीएनजी, एलपीजी किंवा इलेक्ट्रिक किटला वेगळी वाट आहे, आणि तशाच प्रकारचं दुसरं इंजिन घालायचं झालं तर आरटीओची परवानगी घेऊन आरसीवर नवीन नंबर चढवून घ्यावा लागतो. खरं १०८९ सीसीच्या पद्मिनीत दोन लिटरचं इंजिन घालून ती केए २२ च्या पाटीवर रोज फिरवायची, हे कायद्यात बसत नाही. ॲक्सिडेंट झाला तर इन्शुरन्स क्लेम अडतो आणि समोरच्याची भरपाई घरावर येऊ शकते. आपल्या भागात तर केए, एमएच, जीए असं तीन राज्यांत येणंजाणं, कोगनोळी नाक्यावर कुणीही थांबवून इंजिन नंबर बघू शकतंय.

आणखी एक गोष्ट फार जणांना माहीत नाही. जुलै २०२१ पासून केंद्राचे व्हिंटेज गाड्यांचे नियम आलेत, पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली दुचाकी किंवा चारचाकी, मूळ रूपात ठेवलेली, तिला व्हीए अक्षरांची वेगळी पाटी मिळते. त्यात अट अशी की चासिस, बॉडी, इंजिन ह्यांत मोठी उलथापालथ झालेली नको. म्हणजे आजोबांच्या हेराल्डला पन्नास वर्षं भरली असतील आणि तुम्ही हौसेनं इंजिन बदललंत, तर ती वाट बंद.

ज्यांना तरीही करायचंच आहे त्यांनी खाजगी जागेत किंवा ट्रॅकवर चालवायची गाडी म्हणून करा, आणि मूळ इंजिन भंगारात देऊ नका. स्पार्क प्लगच्या भोकांतून थोडं तेल सोडून क्रँक फिरवून ठेवा, प्लग परत लावा, कार्बोरेटर आणि सायलेन्सरची तोंडं बंद करा, फाउंडेशनचे ब्रॅकेट आणि बोल्ट पिशवीत घालून त्यालाच बांधा, आणि लाकडी घोड्यावर कोरड्या जागी झाकून ठेवा. बॉडीला कापाकापी न करता, आहे त्या भोकांना बोल्ट मारून काम केलं असेल तर ते इंजिन कधीही परत बसतंय. जुनी गाडी विकत घेणाऱ्यांनी मात्र टोकन द्यायच्या आधी ब्लॉकवरचा नंबर वायर ब्रशनं घासून स्वतः वाचावा आणि आरसीशी ताडून बघावा, मग बाकीचं बोलणं.